ताऱ्याभोवतीचं खळं आणि माझा भरडा

वैशाली,

तुझं नाव मी आज पहिल्यांदा लिहिलं. तोंडानं तर कधी घेतलंच नव्हतं. अकरा वर्षं तू या घरची सून होतीस आणि अकरा वर्षांत मी तुझ्याशी एक वाक्य सरळ बोललो नाही. तू गेल्यावर बोलायला बसलोय. लोक हसतील. हसू देत.

तुझ्या सांगलीच्या कॉलेजातली माणसं तुझ्या नावानं पुस्तिका काढणार आहेत. सासऱ्याच्याही दोन ओळी हव्यात म्हणाले. संजय मला म्हणाला, "आप्पा, तुमी नुसतं सांगा, मी लिहितो. जरा शुद्ध करून घेतो." मी म्हणालो, "मधी कोण नको. मधल्या माणसानंच घात केलाय." तो गप्प बसला. तुझा नवरा गप्प बसण्यात लय हुशार, तुला ठाऊकच आहे. म्हणून मीच लिहितो. चौथी शिकलोय, अक्षर हळकुंडासारखं वाकडं आहे, पण माझं आहे.

माझा बाप माझ्या बायकोशी, हौसाशी, मरेपर्यंत बोलला नाही. पाणी पाहिजे असलं की तो सोप्यातल्या खांबाला सांगायचा, "पाणी आणा म्हणावं." हौसा खांबाच्या आडून तांब्या ठेवायची. सासऱ्यानं सुनेशी तोंड लावून बोलायचं नाही, सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. त्यात मान आहे असं आम्हाला शिकवलं, आणि मी ते शिकलो. शाळेतलं दुसरं काही डोक्यात राहिलं नाही, हे मात्र राहिलं.

तू साताऱ्याच्या पेन्शनीतल्या सुभेदाराची लेक. तुझ्या माहेरी जे असेल ते तोंडावर. लग्नानंतर पहिल्याच सकाळी दारात येऊन विचारलंस, "मामंजी, चहा देऊ का?" मी गिरणीच्या पट्ट्याकडं बघत म्हणालो, "हौसा, तिला सांग, या घरात असं बोलत न्हाईत." तुझं तोंड उतरलं ते मी बघितलं. बघितलं नाही असं दाखवलं.

त्याच आठवड्यात पाव्हण्यांनी विचारलं, सूनबाई काय करतात? संजय म्हणाला, आभाळातली धूळ मोजते. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आमच्यात धूळ झाडायला माणूस पायजे हुतं, मोजायला न्हवं." लय हशा झाला. तू आतून हौसाला सांगितलंस, पण आवाज सोप्यात येईल असा: "आत्याबाई, मामंजींना सांगा, गिरणीत हळद उडते तिला ते धूळ म्हणत नाहीत, माल म्हणतात. माझीपण धूळ माल आहे." मग कुणी हसलं नाही. मला ते उत्तर आवडलं होतं. हे मी हौसालाही कधी सांगितलं नाही.

टाळेबंदीत तुम्ही दोघं कवठे महांकाळला राहायला आलात. संजय खाली फोनवर, तू माडीवर कॉम्प्युटर घेऊन. माझी हळद-तिखटाची गिरणी अर्ध्या दारानं चालू. एका दुपारी मी हळद दळत होतो. खोली बंद, पिवळा धुरळा, मध्ये एकच बल्ब. हौसा भाकरी घेऊन आली तिच्या मागं तू दारात उभी राहिलीस आणि बल्बाकडंच बघत राहिलीस.

"हौसा, तिला सांग, नाकाला फडकं बांध म्हणावं. हळद छातीत बसती."

फडकं बांधलंस आणि फडक्यातूनच बोललीस, "आत्याबाई, बल्बाभोवती खळं पडलंय बघा, चंद्राला पडतं तसं. मामंजींना विचारा, जाड दळताना ते लहान होतं का?"

माझा हात थांबला. चाळीस वर्षं मी त्या बल्बाखाली उभा होतो. चिमटीत घेऊन पूड कुठल्या चाळणीची ते मी सांगायचोच, पण बल्बाकडं बघूनही मला कळायचं. हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. गिऱ्हाईक फक्त विचारतं, कधी मिळंल?

"तिला सांग, व्हय. बारीक उडलं की खळं पसरतं. जाड भरडा उडला की दिव्याला चिकटून बसतं."

"आवं, ती हितंच हाय. ऐकलं तिनं."

"तू सांग."

हौसा तुझ्याकडं वळून म्हणाली, "ते व्हय म्हणत्यात गं बाई." आणि तुम्ही दोघी फडक्यात तोंड घालून हसलात. मी चिडलो. पण त्या दिवसापासून जेवताना हौसाला विचारायला लागलो, आज काय म्हणती ती?

असं करत करत मला तुझं काम कळलं. जेवढं कळलं तेवढं माझ्या पद्धतीनं कळलं. लय लांब एक मेलेला तारा आहे. तो शेजारच्या ताऱ्याचं अंग ओरबाडून घेतो, त्यानं तापतो आणि एक्स-रे टाकतो. मी म्हणालो, म्हणजे बांध कोरणारा शेजारी. तू माडीवरून "बरोबर!" म्हणून ओरडलीस आणि मग दचकून गप्प झालीस. ते एक्स-रे आपल्याकडं येताना वाटेत धूळ लागते. धुळीच्या कणावरून ते जरासे वळतात, म्हणून वर सोडलेल्या दुर्बिणीला ताऱ्याभोवती खळं दिसतं. तू कॉम्प्युटरात लटकी धूळ करायचीस. एवढ्या आकाराची, एवढी, अमक्या जागी. तिचं खळं कसं पडेल ते हिशेबानं काढायचं आणि खऱ्या खळ्याशी ताडून बघायचं. नाही जुळलं की धूळ बदलायची. हौसाला ते मीच समजावलं, "आपण चटणी चाखून सांगत न्हाई का, ह्यात कुठली मिरची किती पडली? तसं." तिनं ते तुला जाऊन सांगितलं, आणि तू ते तुझ्या वहीत लिहून ठेवलंस म्हणे.

आणि मग तुझं जुळेना. ताऱ्याच्या अगदी लगत खरं खळं उजळ होतं आणि तुझं फिकं पडत होतं. पंधरा दिवस तू धड जेवली नाहीस. हौसा काळजीनं मला म्हणाली, "पोरीचं कायतरी अडलंय." मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी म्हणालो, "तिला सांग, तिनं भरडा चाळून टाकलाय. धूळ कवाच एकसारखी नसती. चाळणीवर राहतं ते बी धूळच असतंय."

तू चुलीच्या पलीकडं येऊन बसलीस. मी सोप्यात. मध्ये हौसा भाकरी थापत होती.

"आत्याबाई, मामंजींना सांगा, मोठे कण धरले तर जुळेल. पण धूळ ताऱ्याच्या अगदी जवळ असली तरीही जुळेल. दोन्हीनं खळं आकसतंच. एवढ्यावरून कुठलं खरं ते कळत नाही."

"तिला सांग, धूळ माझा विषय हाय."

"त्यांना सांगा, मी दोन्ही शक्यता लिहिणार आहे."

"तिला सांग, दोन्ही लिहिणारा कायच लिहीत न्हाई. भरडाच हाय."

हौसानं पीठ परातीत आपटलं. "मी काय टपाल हाय व्हय? बोला की एकमेकाशी! भाकरी करपली हितं."

 तू माझा मान राखून गप्प बसलीस आणि मी माझा तोरा राखून. दोघांच्या गप्प बसण्यात एवढा फरक होता.

मग तू भरडा घालून बघितलास आणि जुळलं. जिन्यावरून धडधडत खाली आलीस, गिरणीत शिरलीस, माझ्यासमोर उभी राहिलीस, तोंड उघडलंस. आणि मग आठवलं तुला. मान वळवून मागं आलेल्या हौसाला म्हणालीस, "आत्याबाई, जुळलं!" तुझी ती अर्धी वळलेली मान मी विसरत नाही. आयुष्यात माझ्याकडं एवढ्या आनंदानं कुणी धावत आलं नव्हतं. आणि मी चाळणी झटकत बसलो.

त्यानंतर रोज टोचायचो. जेवताना, चहाला, हौसाकरवी. भरडाच हाय म्हणावं, ते दुसरं काढून टाक म्हणावं. शेवटी तुझ्या पेपरात ती ताऱ्याजवळच्या धुळीची गोष्ट एका ओळीत उरली. तू ऐकलंस माझं.

पेपर पाठवायच्या आधी तू विचारलंस, "आत्याबाई, शेवटी आभार मानायचे असतात. मामंजींचं नाव घालू का?"

मी म्हणालो, "तिला सांग, सून सासऱ्याचं नाव घेत नसती. छापत तर त्याहून न्हाई."

वैशाली, मला नाव पाहिजे होतं. आपल्याकडं पंगतीत पहिल्यांदा वाढायला आलं की नको म्हणायचं असतं. वाढणाऱ्यानं ऐकायचं नसतं. दुसऱ्यांदा हात आडवा धरायचा, तिसऱ्यांदा 'आता तुमचा आग्रहच हाय तर' म्हणायचं. पहिल्या घासाला हो म्हणणारा माणूस हावरा. मी तुझ्या दुसऱ्या विचारण्याची वाट बघत होतो. तू सुभेदाराची लेक, तुझ्या घरी नको म्हणजे नको. तू विचारलं नाहीस. एरवी माझं कधी ऐकलंस गं? गुरुवारी केस धुऊ नको म्हटलं, ऐकलंस? स्कूटर नको म्हटलं, ऐकलंस? आणि हे नेमकं ऐकलंस.

पेपर छापून आला तेव्हा मी संजयला गिरणीत बसवून शेवटचं पान वाचायला लावलं. तो म्हणाला, "आप्पा, तुमचं नाव न्हाई. तुमीच नको म्हणालासा." मी त्याला हाकलून दिलं. आणि मग जे केलं ते लिहितो, कारण ते तुझ्या कानावर गेलं होतं. पेठेत, कट्ट्यावर, पोत्यावर टेकलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी सांगितलं, सुनेनं माझी विद्या घेतली आणि नाव गाळलं. लोकांनी माना हलवल्या. लोकांना काय, शिकलेल्या सुनेला नावं ठेवायला मिळाली. तू काही निरोप पाठवला नाहीस.

त्याच वर्षीच्या थंडीत हौसा गेली. आपल्या दोघांमधली एकुलती एक वाट गेली. नंतर तू सणाला यायचीस, चहाचा कप गिरणीच्या फळीवर ठेवायचीस आणि जायचीस. मी संजयकरवी विचारायचो, काम कसं चाललंय. मी आठ शब्द सांगायचो, तो दोन पोचवायचा. तुझे किती माझ्यापर्यंत पोचले, देव जाणे.

तुझा आजार तू माझ्यापासून चार महिने लपवलास. त्याचा राग मला आजही आहे, आणि तू मेलीस म्हणून मी तो सोडणार नाही. "आप्पांना कळवू नको, ते गिरणी बंद करून इथं येऊन बसतील," असं तू संजयला म्हणालीस म्हणे. बसलो असतो! काय बिघडलं असतं? बोललो नसतो, पण बसलो असतो.

सांगलीच्या दवाखान्यात मी आलो तेव्हा तू अंथरुणात एवढीशी झाली होतीस. संजय औषधाला गेला होता. एक नर्सबाई सलाइनची बाटली बदलत होती. तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "मामंजी."

थेट. अकरा वर्षांनी.

"तो तारा मध्येच भडकला होता. मोठा भडकला. मग त्याचे सरळ आलेले किरण आधी पोचले आणि धुळीवरून वळलेले मागून. सांगलीहून कवठ्याला थेट येणारी एसटी आणि तासगावला वळसा घालून येणारी, तसं." दम लागला म्हणून थांबलीस. "किती उशीर झाला ते मोजलं. त्यावरून जागा कळते. धूळ ताऱ्याजवळच आहे. भरडा नाही निघाला, मामंजी. माझा पेपर चुकला. तसं मी छापायला पाठवलंय. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून मीच सांगते."

तू 'माझा पेपर' म्हणालीस. 'तुमचा भरडा' म्हणाली नाहीस. एवढ्या दुखण्यात ते शब्द निवडून वापरलेस, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी अडाणी आहे, बहिरा नाही.

आणि मी काय केलं? मी नर्सबाईकडं वळलो. "बाई, तिला सांगा, पुन्हा एकदा मोज म्हणावं."

नर्सबाई हातातली बाटली तशीच धरून माझ्याकडं बघत राहिली. "अहो आजोबा, त्या समोरच आहेत. तुम्हीच सांगा ना."

मी पिशवी उचलली आणि बाहेर आलो. दारातून वळून बघितलं तर तुझे डोळे मिटलेले होते आणि ओठ जरासे हललेले. हसलीस का कळ आली, मला आजवर ठरवता आलेलं नाही. संजयला विचारलं तर तो म्हणतो, हसली असंल आप्पा. त्याचं काही खरं नाही, तो मला बरं वाटावं म्हणून बोलतो. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

तुझ्या कॉलेजात शोकसभा झाली. पहिल्या रांगेत मला बसवलं, हारतुरे, सगळं. एक पोरगी रडत म्हणाली, मॅडम तारा झाल्या. मी मनात म्हणालो, ह्या पोरीला तू नापास केलं असतंस. माणसाचा तारा होत नसतो, हे मलासुद्धा तू शिकवलंस. मग तुझे पुण्याचे मोठे सर उठले. म्हणाले, "आपल्या पेपरातली चूक त्यांनी अंथरुणावरून स्वतः दुरुस्त केली. दुसरा अंदाज इतका थोडक्यात का उरकला, हा प्रश्न आम्हाला पडला होता. घाई झाली असावी. पण चूक कबूल करायला मोठं मन लागतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घाई. तुझी घाई! पंधरा-पंधरा दिवस एका आकड्यापायी न जेवणारी तू. मी टोपी गुडघ्यावर ठेवून बसलो होतो. उठायला पाहिजे होतं. सांगायला पाहिजे होतं की घाई नव्हती, म्हातारा होता. रोज ताटावर बसून टोचणारा एक म्हातारा. ज्यानं आधी नाव नको म्हटलं, मग नाव नाही म्हणून गावभर तुझी बदनामी केली, आणि आता चुकीची पाळी आली तेव्हा त्याचं नाव कुठंच नव्हतं म्हणून आयता सुटला. सगळं तुझ्या एकटीच्या माथी राहिलं. उठलो नाही. टाळ्या थांबल्या आणि चहा आला. तो मी प्यालो.

तुझ्यावर रागावलोय, हौसावर रागावलोय, संजयवर तर रोजच. पण रागाचं सगळं वाटप करून झालं तरी माझ्या वाटणीचा काही कमी होत नाही.

एक खरं सांगतो. हळद, मिरची, जोंधळा, सगळं माझ्या हातून दळून गेलं. माझ्या हातांना काय कळतं हे विचारणारी तू एकटी निघालीस. तू गेल्यावर गिरणीत पहिली हळद दळली तेव्हा मी बल्बाकडं बघितलंच नाही, मान खाली घालून दळली. गिऱ्हाईक म्हणालं, आप्पा, आज जाड आलीय. कधी नव्हे ते मी म्हणालो, व्हय, चुकली. आण हिकडं, पुन्हा दळून देतो. ते बिचारं घाबरलं, म्हणालं, आप्पा, बरं न्हाई का तुमाला?

संजयनं हे वरचं वाचलं. म्हणतो, ते सभेचं आणि टोचण्याचं काढूया आप्पा, पुण्याची माणसं वाचतील, तुमचं हसं होईल. मी त्याला म्हणालो, एक अक्षर काढलंस तर गिरणीची पायरी चढू नको.

तर पुण्याच्या माणसांनो, वाचा. पेपरातला भरडा कवठ्याच्या गिरणीवाल्या सासऱ्याचा होता. ती दोन्ही लिहिणार होती, त्यानं लिहू दिलं नाही. घाई तिनं कधीच केली नाही.

आणि वैशाली, हे तुला. हौसाला नाही, संजयला नाही, नर्सबाईला नाही. धूळ ताऱ्याजवळच आहे. तू बरोबर मोजलंस, मी चुकलो. आता पुन्हा मोजू नकोस.